तीन नवे दगड

सुरगाण्याची कुसाबाई सायखेड्याजवळच्या द्राक्षबागेत मजुरीला आली होती. बांधावर ताडपत्रीची झोपडी, पुढे तीन दगडांची चूल. सकाळी तिचा नवरा सावळीराम खोकता खोकता गेला. दुपारी त्याला नदीकाठी जाळलं, आणि लगेच तिच्याच गावच्या, भाऊबंदातल्या मुकादमाने तिच्या टोळीची बाकीची माणसं जीपमध्ये कोंबून दुसऱ्या बागेवर नेली. काम बुडायला नको ना!

त्यांच्या गावात मयताच्या घरची चूल पेटत नाही. भाऊबंद भाकरी आणून देतात. कुसाबाईने दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. सोबत आणलेल्या लहान नाती भुकेने रडायला लागल्या. तिने आपल्या चुलीला हात लावला नाही. बांधापलीकडून तीन नवे दगड आणले, काटक्या पेटवल्या, मक्याचं पीठ कढत पाण्यात मळलं. तिचा हात नागलीच्या, नाचणीच्या भाकरीला सरावलेला; मक्याची भाकरी थापताना चिरत होती. तशीच तव्यावर टाकली.

तेवढ्यात मुकादम आला. "म्हातारे, आजच्या दिवशी चूल पेटवलीस? लाज हाय का?"

"माझी चूल ती तिकडं, थंड हाय," भाकरी उलटत कुसाबाई म्हणाली. "ही तुझी. तुझ्या घरून यायची भाकरी मीच भाजते."