वगळलेले नऊ उंदीर

आमच्या संशोधन संस्थेतल्या त्या शास्त्रज्ञ बाईंना सगळे पुन्हाबाई म्हणायचे. प्रयोग कितीही छान जमला तरी त्यांच्या तोंडी एकच, "पुन्हा करा." मी तिथलं प्राणिघर सांभाळायचो. उंदरांचं खाणंपिणं, पिंजरे, भुसा. त्या एका शब्दापायी माझे किती रविवार गेले! पण बाई स्वतः माझ्या शेजारी उकिडव्या बसून पिंजरे तपासायच्या, मग चिडणार कुणावर?

बावीस वर्षं त्या एकाच विषाणूच्या मागे होत्या. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसात शिरणारा. त्यांच्या धाकट्या बहिणीचं सात महिन्यांचं बाळ त्यानेच नेलं होतं.

अखेर लस तयार झाली. चोवीस उंदरांना ती टोचली, नंतर विषाणू दिला. पंधरा ठणठणीत राहिले. नऊ मात्र लस न टोचलेल्यांपेक्षाही जास्त आजारी पडले. बाईंनी सगळं पुन्हा केलं. तेच. रक्त तपासल्यावर उलगडा झाला. लसीमुळे शरीरात विषाणूला पकडणारे जे पदार्थ तयार होतात, ते त्याला धरत होते पण मारत नव्हते. उलट पेशीच्या आत पोचवत होते.

"लस थांबवायची," बाई म्हणाल्या. "वर्षभरात दुरुस्त करते."

संचालकसाहेबांना वर्षभर थांबायचं नव्हतं. मुलांवरच्या चाचणीची तारीख जाहीर झाली होती. आठवड्याने अहवाल सह्यांसाठी छापून आला. त्यात एक ओळ होती: पिंजऱ्यांची निगा नीट न राखल्याने नऊ उंदीर वगळले.

म्हणजे माझ्यामुळे! बाईंनी ओळ वाचली, माझं मनगट पकडलं आणि थेट भर बैठकीत घेऊन गेल्या.

"हा माणूस अकरा वर्षं पिंजरे धुतोय. याच्या तोंडावर वाचून दाखवा ही ओळ."

"बाई, बसा हो," साहेब हसले. "नऊ उंदरांवरून एवढं आकांडतांडव?"

"पुढच्या महिन्यात ते उंदीर नसतील. बाळं असतील."

"तुमची सही तेवढी राहिलीय."

"देते की." त्यांनी पेन उचललं आणि सहीच्या जागी ठसठशीत लिहिलं, 'हा अहवाल खोटा आहे.' खाली सही, तारीख. त्या कागदाची प्रत त्यांनी स्वतः चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीच्या हातात नेऊन ठेवली.

चाचणी थांबली. बाईंची प्रयोगशाळाही गेली. त्यांना ग्रंथालयात बसवलं, जुन्या मासिकांना क्रमांक घालायला. माझी बदली फाटकावर.

चार वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेला हेच दिसलं आणि ते गाजलं. साहेबांनी लगेच व्याख्यान ठेवलं. "आम्ही हा धोका फार आधीच ओळखला होता," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून बाई उठल्या. "आम्ही म्हणजे कोण?"

साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी पडद्यावर पुढचं चित्र लावलं.

बाहेर आल्यावर बाईंसोबत आलेली धाकटी बहीण म्हणाली, "ताई, सोड आता. मुलं वाचली ना?"

"वाचली. म्हणून काय मी त्याला माफ करू?" बाई पायरीवरच थांबल्या. "त्याला ठाऊक होतं गं. ठाऊक असून टोचणार होता."

बहीण पायऱ्या उतरू लागली. बाई मात्र तिथेच, पायऱ्यांवर, साहेब बाहेर यायची वाट बघत उभ्या राहिल्या.