दोन पाण्यांमधली वीस मिनिटं

आमची चौकी एका बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर होती. दहा जवान, एक रेडिओ सेट, एक कोत. कोत म्हणजे हत्यारांची खोली. मी हवालदार, चौकीचा कमांडर. कोतची किल्ली माझ्या हाताखालच्या नाईक विलास सावंतकडे. तो दिंडोशीचा, मूळ मालवणकडचा. मी घाटकोपरचा, मूळ बीडचा. समुद्रातलं मला काडीचं कळत नसे आणि तो त्यावरून रोज माझी फिरकी घ्यायचा.

त्या दिवशी सकाळी सहा पन्नासला पीटी चालू असताना जमीन हलली. तीन-चार मिनिटं उभं राहता येईना. थांबली तेव्हा पक्षी गप्प होते. सात दहाला समुद्रही गप्प झाला. रात्रंदिवस कानात असलेला आवाज एकाएकी बंद पडला. वळून पाहिलं तर पाणी पार खडकांच्या पलीकडे गेलेलं, आमची होडी चिखलात आडवी.

"कंट्रोल, चौकी तीन. समुद्र गेला. ओव्हर."

"रिपीट. ओव्हर."

"समुद्र जागेवर नाही. ओव्हर."

पलीकडून नुसती खरखर आली. मी सगळ्यांना टेकडीवर पळवलं.

आता राहतो त्या मरोळच्या सोसायटीतली पोरं विचारतात, काका, लाट केवढी होती? लाट कसली! सात अठराला पाणी न फुटता, नुसतं वाढत आत आलं. पुढे एका इंजिनीअर साहेबांनी मला समजावलं. समुद्रतळाखाली जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली सरकत असतो. मध्येच अडकतो, वर्षानुवर्षं ताण साठतो. एक दिवस अडकलेली कड सुटते, उसळते आणि डोक्यावरचं सगळं पाणी उचलते. जमिनीचा तो हादरा म्हणजे भूकंप, आणि उचललेलं पाणी पसरत किनाऱ्याला येतं ती त्सुनामी. खोल समुद्रात जहाजालाही तिचा पत्ता लागत नाही. उथळ पाण्यात तिचा वेग घटतो, उंची वाढते. आणि ती एकदाच येत नाही. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिलं पाणी बराकीत कमरेएवढं आलं आणि परत गेलं. सावंत माझ्याजवळ आला.

"साब, कोतला कुलूप लावलं की नाय, आठवत नाय. एक रायफल जरी वाहून गेली ना, तर सगळ्यांची वाट लागेल. बघून येतो."

"पाणी परत आलं तर?"

"भरती येऊन गेली ना. आता सहा तास काय नाय. तुम्हा बीडवाल्यांना काय कळणार!"

मी हसलो. "जा. पटकन ये."

सात तीसला तो उतरला. ओल्या वाळूत पडणारी त्याची पावलं टेकडीवर ऐकू येत होती, इतकी शांतता होती. कोतपाशी पोचून त्याने कुलूप ओढून पाहिलं आणि वर हात केला.

"लावलेलंच आहे, साब!"

तो परत निघाला. सात अडतीसला दुसरं पाणी आलं, नारळाच्या शेंड्यांएवढं. मी ओरडलो. तो पळाला. अर्ध्या चढापर्यंत दिसत होता.

पाणी ओसरलं तेव्हा बराक नव्हती. सिमेंटची कोत उभी होती, रायफली जागच्या जागी. सावंत सापडला नाही.

त्याच्या बायकोला भेटायची हिंमत मला निवृत्तीनंतरच झाली. दिंडोशीला गेलो, सगळं सांगितलं.

"त्यांना कुणी अडवलं नाय, भावोजी?"

"अडवायचं काम माझं होतं, वहिनी. मी 'जा' म्हणालो."

"इतकी वर्षं वाटायचं, त्यांनी कुणाचं ऐकलं नसेल. हट्टीच होते. तुमचं ऐकलं असतं?"

"हो."

ती उठून आत गेली. बाहेर आलीच नाही. बराच वेळ बसून मी दार ओढून घेतलं.

सरकारी पत्रात त्याच्याबद्दल लिहिलंय, कर्तव्य बजावताना. खरं आहे ते. पण पूर्ण नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो. नाईक विलास सावंत. खाली जाण्याची परवानगी मागितली. मी दिली.