आर्डिस गाडी लावते

लॉखसा नदीकाठच्या, सहलीला आलेल्यांच्या मुक्कामाच्या तळावर मी उन्हाळाभर राखणदारी करतो. इथे संध्याकाळची करमणूक एकच, नवी आलेली घरगाडी कोण कशी मागे घेऊन लावतंय ते खुर्च्या टाकून बघायचं. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही, पण तिथे एक खुर्ची माझीही असते.

आर्डिस आणि लॉइड दर जुलैत अकरा नंबरच्या जागेवर यायचे. त्यांची घरगाडी चांगली बसएवढी. लॉइड चालवणार आणि आर्डिस मागच्या फरच्या झाडापाशी उभी राहून हातांनी डावं-उजवं दाखवणार, ही वाटणी त्यांच्या लग्नाइतकीच जुनी. यंदा लॉइडची नजर गेली. मुलगा कर्ट म्हणाला, गाडी विकून टाकू. गाडी गेली की नदी गेली, पायवाटा गेल्या, घाट गेले आणि लॉइड घरात खुर्चीला खिळला, हे आर्डिसला दिसत होतं. तिने कधी त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. वसंतात शाळेच्या रिकाम्या पटांगणात ती शिकली, आणि मुलाला बजावलं, "लोलो घाट उतरून अकरा नंबरवर मी स्वतः गाडी लावली तर ती विकायची नाही. नाही जमलं तर किल्ली तुझी."

कर्ट आपली पिकअप घेऊन मागोमाग आला.

घाटमाथ्यावर 'पुढे नव्याण्णव मैल वळणं' अशी पाटी आहे. ती वाचून भलेभले ढिले पडतात. आर्डिस मात्र झकास उतरली. अकरा नंबरसमोर थांबली, ब्रेक लावला, खाली उतरली, ताडताड चालत फरच्या झाडापाशी गेली आणि सवयीने दोन्ही हात वर केले.

स्टिअरिंगवर कोणीच नव्हतं.

खुर्च्यांमध्ये एकच हशा पिकला. लॉइड शेजारच्या सीटवरून म्हणाला, "अगं, मागे हातवारे करत उभी आहेस ना? मग गाडी काय मी आणू?"

कर्टने हात पुढे केला. "आई, दे किल्ली. झाली तेवढी शोभा पुरे."

"झाली तर झाली. गाडी लागायची आहे अजून." तिचे कान लालबुंद झाले होते.

लॉइड काठी टेकत उतरला. "मला त्या झाडापाशी नेऊन उभं कर."

"तुला दिसत नाही, तू काय दाखवणार?"

"तू दाखवायचीस तेव्हा तरी मी कुठे ऐकायचो? झाडाला पाठ लावून उभा राहतो. आरशात मी दिसलो की झाड कुठंय ते कळेल तुला."

तिने त्याला उभं केलं आणि गाडी मागे घेतली. लॉइड जोरजोरात डावीकडे हात हलवत होता. गाडीला जायचं होतं उजवीकडे. आर्डिसने त्याच्या हातांकडे बघितलंच नाही, फक्त त्याच्या लाल शर्टावर नजर ठेवली. गाडी तिरकी गेली. पुढे घेतली, उतरून पाहिलं, पुन्हा चढली. पुन्हा तिरकी. पुन्हा उतरली. आता कोणी हसत नव्हतं. कर्ट दाराशी आला तेव्हा तिने काच वर केली.

शेवटी गाडी सरळ आत गेली. तिने इंजिन बंद केलं आणि नदीचा आवाज आला.

"बरोबर दाखवलं ना मी?" लॉइडने विचारलं.

"अगदी बरोबर," आर्डिस म्हणाली. "उद्या नदीवरच्या झुलत्या पुलावरून जाऊ. माझ्या खांद्यावर हात ठेवून चल."

कर्टने गाडीच्या पेटीतून लाकडी ठोकळे काढले, गुडघ्यांवर बसला आणि गाडी हलू नये म्हणून एकेका चाकाखाली घट्ट बसवले.