डिमडीवरचं बोट

अण्णा कुणाच्याही घरी गेले, की खुंटीवर टांगलेली डिमडी आधी हातात घ्यायचे. पाणी, चहा, ख्यालीखुशाली, सगळं नंतर. खंडोबाच्या जागरणात वाघ्या वाजवतो ते ताटलीएवढं वाद्य डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताचं बोट ताणलेल्या कातड्यावरून हळूच फिरवायचं आणि निकाल द्यायचा, "शेळीची." मग घरच्यांच्या जिवात जीव यायचा. बोटाला बारीक खवले लागले तर मात्र पुढचा प्रश्न ठरलेला असे, "जुनी का नवी?"

अण्णा जंगल खात्यात गार्ड होते. जतच्या बाजूचं जंगल म्हणजे बाभळी, खडक आणि दुसऱ्याची मेंढरं. मी वाईचा, बारमाही पाण्याकाठी वाढलेला. मास्तर म्हणून त्या गावात बदली झाली आणि अण्णांच्याच घरात खोली मिळाली. पहिल्या आठवड्यात मी खवचटपणे विचारलं, "अण्णा, तुमचं जंगल कुठाय?" ते मिशीत हसले. "त्येच हुडकतोय मास्तर. घावलं की तुमास्नी दावतो."

तेव्हा नवा कायदा आला होता. घोरपड धरायची नाही, मारायची नाही, तिचं कातडं विकायचं नाही. इकडे पिढ्यान् पिढ्या डिमडीला घोरपडीचंच कातडं लागायचं, त्यामुळे हा कायदा थेट देव्हाऱ्यापर्यंत पोचला. अण्णा पलटणीत राहून आलेले. त्यांच्या लेखी हुकूम म्हणजे हुकूम. पण जुनी डिमडी ते जप्त करत नसत. "ती बिचारी कवाच मेली. आता जिती हाईत त्यांचं बघू," म्हणत. तसं कायद्यात होतं की नव्हतं, मला शंकाच आहे.

खरं तर डिमडीमुळे घोरपडी संपत नव्हत्या. शहरातले व्यापारी बाजाराच्या दिवशी यायचे आणि कातडी गोळा करून न्यायचे. त्यांची पाकिटं आणि पट्टे होऊन बोटीनं परदेशी जात. एकदा अण्णांनी बाजारात एका पोत्यात हात घातला. वर ज्वारी, खाली वाळलेली कातडी. चावडीपुढे ती पसरली तेव्हा त्यांत वीतभर पिल्लांचीही निघाली. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. "आमच्या ल्हानपणी बांधावर बसायचं म्हंजी आदी घोरपड उठवाय लागायची," एवढंच म्हणाले आणि ताट सरकवलं.

गावातला सिदू वाघ्या हा अण्णांचा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच विहिरीत पोहायला शिकलेले, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांचा दिवस उगवत नसे. अण्णांच्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा नवी सून घरात आल्यावर जागरण सिदूनंच घालायचं हे बोलायचीही गरज पडली नाही.

जागरणाच्या दिवशी दिवेलागणीला सिदू आला. अंगणात चौक मांडलेला, पाहुणे बसलेले, सून पदर सावरत उभी. सिदूनं झोळीतून कोरी करकरीत डिमडी काढली आणि दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरली. "अण्णा, तुज्या घरचं काम. जुनी फाटली हुती, मुद्दाम नवी मढवून आणलीया."

सवयीनं अण्णांचं बोट डिमडीवरून फिरलं आणि मधेच थांबलं. सिदूचं तोंड कौतुकानं फुललं होतं. घोरपड बंद करणारा असला तरी दोस्तच, त्याच्या घरी साधी शेळीची डिमडी कशी न्यायची, म्हणून त्यानं मानानं घोरपडीची आणली होती. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. मला त्या दोघांचीही इतकी कीव आली, की मी खाली बघत राहिलो.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, पुढे आल्या. "आवं, आज न्हाई. आज देवाचं हाय. उद्या काय करायचं ते करा."

"देवाला मी सांगतो," अण्णा म्हणाले. "सिदू, ही सरकारजमा हुनार."

सिदूला आधी चेष्टाच वाटली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "डिमडीला जन्मात एक घोरपड लागती रं अण्णा. रान रिकामं केलं व्यापाऱ्यांनी आन् कायदा माज्या गळ्यात?"

"तुजं खरं हाय," अण्णा म्हणाले. "पर उद्या पोतं धरलं की त्यो व्यापारी मला म्हननार, आदी आपल्या घरची डिमडी बघा. तवा मी काय सांगू?"

डिमडी पेटीत गेली. सिदूनं जागरण टाकलं नाही. हातातली घंटा, म्हणजे घाटी, आणि तुणतुणं यांवर निभावलं. जिथं डिमडीची थाप पडायची, तिथं अण्णा आपल्या मांडीवर थाप मारत होते. सिदूनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सकाळी न जेवताच तो निघून गेला.

कायद्याप्रमाणे जे व्हायचं ते झालं. सिदूला चार वेळा तालुक्याला खेटे घालावे लागले. गाव म्हणालं, गार्डानं देवाच्या कामात विघ्न आणलं. सुनेला साधा ताप आला तरी बायका डिमडीची आठवण काढत. काकू अण्णांना वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. अण्णा अजूनही घरोघरी बोट फिरवत, फक्त निकाल देताना आवाज बसलेला असे. सिदूच्या गल्लीत मात्र ते जाईनात. एका संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, घोरपडी वाचतील का न्हाई म्हाईत न्हाई. दोस्त गेला, येवडं म्हाईत हाय."

पुढच्या वर्षी सुनेला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारशाची गडबड चालली होती आणि सिदू दारात उभा राहिला. बोलावणं गेलं नव्हतं. बोलावायची अण्णांची छाती झाली नव्हती. सिदू थेट चुलीशी गेला, कातडं ताणावं म्हणून झोळीतली डिमडी विस्तवावर धरून तापवली, मग ओसरीवर येऊन अण्णांपुढे धरली.

"घे. फिरीव बोट."

 काकू पाळण्याची दोरी धरून उभ्या. अण्णांनी सिदूकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले.

"तू आनलीस न्हवं?" अण्णा म्हणाले. "मग वाजीव."