एक सुई की दोन

१४ सप्टेंबर, रविवार. रक्कम एक लाख चाळीस हजार रुपये; शिकवण्यांच्या पैशांतून मी पोस्टात भरत आलेली आवर्त ठेव, त्याच आठवड्यात हातात आलेली. हजर होतो आम्ही तिघं: मी, माझे यजमान आणि जेवणाच्या टेबलावर बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये कॅनडातली आमची मुलगी. जावई मागून एकदा हात हलवून गेले. त्यांना मी हजर धरत नाही.

मुलीला जानेवारीत पहिलं बाळ होणार होतं. ठेव मी तिच्या लग्नानंतर लगेच सुरू केली होती ती त्याचसाठी. बाळंतपणाला तिला इकडे येता येणार नाही, तर मी तिकडे जाईन, असा साधा हिशोब होता आणि तो घरात सगळ्यांना माहीत होता.

"आई, चिडू नकोस हं," मुलगी म्हणाली. "तुझा व्हिसा आता टाकला तर वेळेत मिळेलच असं नाही. आईंकडे आहे ना, दहा वर्षांचा."

या आई म्हणजे तिच्या सासूबाई. नाशिकला असतात, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, दोनदा तिकडे जाऊन आल्या आहेत.

"जूनमध्ये मी म्हटलं होतं टाकू या म्हणून. तूच म्हणालीस, घाई नको."

"हो गं. पण तसंही दवाखान्यात बोलावं लागतं, फोन करावे लागतात. तुला ते इंग्रजी नाही जमायचं."

मी यजमानांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. यांचं आधीच बोलणं झालेलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

"तू ना, काहीतरी छंद लाव," मुलगी म्हणाली. "विणायला शीक. बाळाला तुझ्या हातचं टोपडं, मोजे. नाहीतर क्रोशा शीक, त्याला एकच सुई लागते. इथे सगळ्या करतात."

"हे बरंय," यजमान लगेच म्हणाले. "हात गुंतले की डोकं शांत राहतं."

पुढचे आठ दिवस घरात तोच विषय. यजमान चहाला विचारत, काय ठरलं, विणकाम की क्रोशा? मुलगी व्हिडिओ पाठवी. तिने सासूबाईंनाही सांगितलं असावं, कारण त्यांचाही निरोप आला, 'ताई, क्रोशा घ्या, सोपा असतो.' तिकडे जायचंय का, हे मला एकाने विचारलं नाही. एक सुई की दोन, हे तिघांनी विचारलं.

वसईतल्या आमच्या एव्हरशाईन वसाहतीत शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक बाई दोन्ही शिकवतात. मूळच्या वसईतल्याच एका गावच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या चर्चच्या वेदीवरच्या कापडाला त्यांच्याच हातची क्रोशाची लेस आहे. त्यांनी माझ्यासमोर दोन नमुने ठेवले.

"क्रोशा घे," त्या म्हणाल्या. "सुईवर एकच टाका असतो. दाराची बेल वाजली, ठेवून उठलीस, काही बिघडत नाही. विणकामात सगळे टाके दोन सुयांवर. एक निसटला की खालपर्यंत उसवत जातो. नव्या माणसाला रडू येतं."

"लोकर कशाला कमी लागते?"

"विणकामाला. क्रोशाला बरीच जास्त धर."

"मग सुयाच."

"अगं बाई, टोपडं केवढं, त्याला लोकर केवढी! मोजतेस काय?"

मी हसले नाही. खरं कारण लोकरीचं नव्हतंच. मी दोन्ही नमुने ओढून पाहिले होते. क्रोशाचा जाड होता, ताणत नव्हता. विणलेला ताणायचा आणि सोडला की जागेवर यायचा. पहिल्या महिन्यात बाळाचं डोकं किती वाढतं ते मला माहीत आहे, माझ्या हाताखालून गेलं आहे. सासूबाईंनी सोपं काय ते सांगितलं होतं. बाळाला काय बसेल ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

शिकवणीचे पंधराशे आणि लोकरीचे तीनशे चाळीस झाले. पहिलं टोपडं वर अरुंद आणि खाली सैल झालं, ते मी उसवलं. दुसरं बरं जमलं. "वसईच्या उकाड्यात लोकर घेऊन बसलीस," असं यजमान जाता-येता म्हणत, आणि मी पुढची ओळ सुरू करी. डोकं शांत मुळीच झालं नाही. सुलट-उलट टाके घालताना डोकं रिकामंच असतं, आणि त्या रिकाम्या जागेत तो रविवार पुन्हापुन्हा येऊन बसे.

दिवाळी झाल्यावर विहीणबाईंचा फोन आला. यजमानांनी तो स्पीकरवर ठेवला. तब्येत, हवा, फराळ झाला आणि मग त्या म्हणाल्या, "तिकीट बघितलं. आमच्यात पहिल्या बाळंतपणाचा खर्च माहेरचा असतो. तुमच्यातही तसंच असेल ना?"

"हो हो, असंच," यजमान म्हणाले.

"ताईंचं टोपडं झालं म्हणे. पाठवा, बॅगेत जागा उरली तर नेईन."

"तिकीट आपलं आणि जागा उरली तर?" मी म्हटलं.

"हळू, फोन चालू आहे," यजमान पुटपुटले. मग फोनवर मोठ्याने हसून म्हणाले, "रीत म्हणजे रीत! तुम्ही काळजीच करू नका."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "पहिलं बाळंतपण माहेरचं, तर माहेरचं माणूस का नको?"

"आता ते उकरू नकोस. मुलीला सासरी ऐकून घ्यावं लागेल."

ते खरं होतं. ऐकून ती घेणार होती, आणि तेही नेमकं अशा दिवसांत. रीत कुणी मोडली नव्हती. रीतीतलं माणूस काढून घेतलं होतं आणि खर्च तेवढा ठेवला होता.

मुलीला मी त्याबद्दल काही बोलले नाही. टोपडं कुरियरने थेट कॅनडाला पाठवलं, कुणाच्या बॅगेतल्या जागेवर अवलंबून ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले आणि त्याच ठेवीतून जाण्यायेण्याच्या तिकिटाचे एक लाख बारा हजार चारशे रुपये विहीणबाईंच्या खात्यात भरले.