टिपकागद मावशीचे टॉवेल

गाडी धुणारे पुष्कळ असतात. पाण्याचा फवारा मारला, फेस उडवला, पुन्हा फवारा मारला की झाली गाडी धुऊन. पण धुतलेल्या गाडीच्या अंगावर जे पाणी उरतं त्याचं काय करायचं, हे कळणारं माणूस शंभरात एखादं. पेट्रोल पंपाच्या पाठीमागे, पत्र्याच्या लांबट शेडमध्ये गाड्या धुण्याचं जे केंद्र होतं, तिथे ते माणूस म्हणजे मावशी.

वय चोपन्न. अंगाने काटक, चालायला सावकाश, आणि कामाच्या बाबतीत मानी. ओरखडे घालवून गाड्यांना पॉलिश मारणारा रंगारी तिथेच कोपऱ्यात काम करायचा. त्याने तिचं नाव टिपकागद ठेवलं होतं, कारण गाडी पुसायला सांगितली की ती हमखास म्हणायची, "मी पुसत नाही बाबा, टिपते. पुसायला ती काय पाटी आहे?"

हे टिपणं ती गाड्यांवर शिकली नव्हती. आधीची एकोणीस वर्षं ती एका प्रसूतिगृहात आया होती. नुकतं जन्मलेलं बाळ टॉवेलात घेऊन त्याचं अंग टिपायचं, घासायचं नाही, हे तिच्या हातांना तिथे कळलं. प्रसूतिगृह बंद झालं आणि मावशी इथे आली. पहिल्या दिवशी मालकाने हातात फडकं दिलं. तिने ते उलटं-सुलटं केलं आणि परत दिलं. "याने मी माझी चूलही पुसणार नाही," म्हणाली. मालकाला राग आला, पण दुसऱ्या दिवशी टॉवेल विकणाऱ्याला त्यानेच बोलावून घेतलं.

मावशीचं टॉवेल निवडणं बघण्यासारखं असायचं. विकणारा इकडे तोंडाचा पट्टा सोडायचा आणि ती तिकडे टॉवेलवर मनगटाची आतली बाजू फिरवत बसायची. तळहात नाही. राबणाऱ्या बाईचा तळहात जाड झालेला असतो, तो खोटं बोलतो. मनगट खरं सांगतं. काठाला कडक दोरा लागला की टॉवेल बाजूला. कोपऱ्यातली कंपनीच्या नावाची चिठ्ठी ती कापायची नाही, टाका टाका उसवून काढायची, कारण कापलं की खुंट राहतो, आणि खुंट रंगाला ओरबाडतो. नवा टॉवेल तीनदा धुतल्याशिवाय गाडीला लागायचा नाही. निळे टॉवेल रंगासाठी, राखाडी दारांच्या कडांसाठी, काळे चाकांसाठी. काळा कधी निळ्यात जायचा नाही. पण निळा जमिनीवर पडला तर त्याच क्षणी काळ्यांत जमा. कुणी पडलेला टॉवेल झटकून परत घेतला तर म्हणायची, "झटकल्याने धूळ जाते, खडा जात नाही. खडा लपून बसतो, चांगल्या घरातल्या भांडणासारखा."

आणि मग ते टिपणं. जाड निळा टॉवेल ती दोन्ही हातांनी टपावर पसरायची, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा. क्षणभर थांबायची. टॉवेल पाणी पीत असतो, त्याला घाई करायची नाही. मग दोन कोपरे धरून हलकेच स्वतःकडे ओढायची. मागे रंग कोरडा, आरशासारखा. वरून खाली, टप, काचा, बॉनेट, दारं, आणि शेवटी आरशांच्या खाचांत लपलेलं पाणी. नऊ वर्षं तिच्या हातून गेलेल्या गाडीबद्दल तक्रार आली नव्हती.

पहिली तक्रार आली एका सोमवारी. दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी होती, काळीभोर. बाईंनी मालकाला हाताला धरून उन्हात नेलं.

"हे बघा."

मालकाने बघितलं. बॉनेटवर उन्हाचा गोळा पडला होता आणि त्याच्याभोवती बारीक बारीक रेघा, कोळ्याने जाळं विणावं तशा गोल गोल. सावलीत काहीच दिसायचं नाही. उन्हात लपत नव्हतं.

"मी दुसरीकडे कुठेच धुऊन घेत नाही," बाई म्हणाल्या. त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, त्यामुळे मालकाला ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात आणखी दोघं आले. एकाची लाल, एकाची गडद निळी. मालकाने मावशीला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट बातमी सांगताना शर्टाची वरची गुंडी चाळवायचा. ती चाळवत म्हणाला, "मावशी, मी हवेचं मशीन मागवलंय. जोराची हवा मारून गाडी सुकते. हात लावायचाच नाही. तुम्ही गाड्यांच्या आतलं बघा. सीट, पायपुसणी."

पायपुसणी झटकायला मावशीची ना नव्हती, काम ते काम. पण नऊ वर्षं ज्या हातांवर भरवसा ठेवला त्याच हातांकडे बोट दाखवून मालक तिला आत बसवत होता.

"माझ्या टॉवेलांत खोट नाही," ती म्हणाली. "साबण बदललाय फेसवाल्याने. फेसात कचकच आहे."

फेस मारणारा तिथेच उभा होता. दाढीला सदा फेसाचा ठिपका, म्हणून त्याला सगळे फेसबाबा म्हणत. तो हबकला. "मावशी, साबण तोच आहे. डबा दाखवू?"

"डबा तोच असेल. आतलं काय, देव जाणे."

त्या दिवशी फेसबाबाने चहाही घेतला नाही.

मालक म्हणाला, "पुढच्या शनिवारी डॉक्टरीणबाई परत येणार आहेत. रंगारी रेघा काढून देईल, मग गाडी धुऊ. तेवढी तुम्ही टिपा. ती बिघडली तर मात्र मशीन."

म्हणजे मावशीच्या हाती एक आठवडा होता.

तिने टॉवेल उजेडात धरून तपासले. खडा नाही, काटा नाही, दोरा नाही. उलट इतके मऊ की विचारू नका. पण गेला महिना-दीड महिना टॉवेल एका फेरीत पाणी घेत नाही, दुसरी मारावी लागते, तिसरी मारावी लागते, हे तिला जाणवत होतं. तिने मनाला सांगितलं होतं, वय झालं, हातातलं बळ गेलं. आणि बळ गेलं म्हणून ती जास्त दाबत होती.

बुधवारी दुपारी तिच्या डब्याशेजारी पाण्याचा पेला लवंडला. हाताशी निळा टॉवेल होता, तो तिने पाण्यावर ठेवला. पाणी टॉवेलात शिरलं नाही. टॉवेलाच्या पुढे पुढे पळालं. मावशी बघत राहिली. मग तिने बोट बुडवून एक थेंब टॉवेलावर सोडला. थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला. तिने टॉवेल नाकाशी नेला. फुलांचा वास येत होता. तो वास तिला रोज येत होता, आणि रोज आवडतही होता.

हे टॉवेल ती केंद्रावर कुणाला धुवू द्यायची नाही. पिशवीत घालून घरी न्यायची. दोन महिन्यांपूर्वी तिचं मनगट सुजलं आणि पिळायची कामं बंद झाली, तेव्हा सून म्हणाली, "आई, मी धुते." सून घरात येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मावशीने पिशवी दिली आणि मोरीकडे पाठ फिरवली, ती कायमची. त्यालाही कारण होतं. तिची स्वतःची सासू घडी वाकडी पडली तर धुतलेली चादर पुन्हा बादलीत बुडवणारी होती. सून आली तेव्हा मावशीने मनाशी गाठ मारली होती, आपण सुनेच्या कामात नाक खुपसायचं नाही. मीठ कमी असो, केर राहो, अवाक्षर काढायचं नाही. ती ते कटाक्षाने पाळत होती, आणि शेजारणी तिचं कौतुक करत होत्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सून दोरीवरचे कपडे काढत होती.

"अगं, टॉवेल धुताना शेवटी काय घालतेस?"

सूनबाईचा चेहरा उजळला. सासूने आज आपण होऊन काही विचारलं होतं. तिने फळीवरून गुलाबी बाटली काढली. "हे. एक झाकण. कपडे मऊ होतात, वासही छान येतो. दुकानातली म्हणाली, महागाच्या कपड्यांना हेच घाला. तुमच्या कामाचे म्हणून मी फक्त तुमच्या टॉवेलांनाच घालते. आमच्या कपड्यांना नाही."

मावशी मोरीच्या उंबऱ्यावर बसली. आता बोलावं तर गाठ सुटते, न बोलावं तर हातचं काम जातं. बराच वेळ तिने बाटली हातात फिरवली.

"बाळ, याचा थर बसतो टॉवेलावर. मेणासारखा. मग तो पाणी पीत नाही. आणि तो पीत नाही म्हणून मी घासते. लोकांच्या गाड्यांवर रेघा पडल्यात."

सून पांढरीफटक पडली. "म्हणजे माझ्यामुळे..."

"घासले मी. टॉवेल पहिल्याच दिवशी सांगत होता, मी ऐकलं नाही."

मावशीला वाटलं होतं ती रडेल. पण ती चिडली. "दोन महिने! आई, दोन महिन्यांत एकदा तरी मोरीत डोकावायचं होतंत. एकदा तरी सांगायचं होतंत, असं धू, तसं धू. माझी आई दिवसातून दहा वेळा सांगायची. तुम्ही काहीच सांगत नाही. मी काय पाहुणी आहे?"

आपण ज्याला चांगुलपणा समजत होतो ते या पोरीला बंद दारासारखं वाटत होतं, हे मावशीच्या ध्यानीमनी नव्हतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "मग आता सांगते. बादली घे. पाणी गरम, पण उकळतं नको, उकळत्याने धागा बिघडतो. त्यात पांढरं व्हिनेगर घाल. अगं, एवढं नाही! लोणचं घालायचंय का?"

त्या संध्याकाळी, आणि मावशीने रजा टाकल्याने गुरुवारी दिवसभर, मोरीत दोघींची बडबड चालली होती. मुलगा छापखान्यातून आला आणि दारातच थबकला. त्याला वाटलं भांडण लागलं. सून टॉवेल बुडवायची, खळबळायची, नवं पाणी घ्यायची. मावशी दुखऱ्या मनगटाने पाटावर बसून हुकूम सोडायची. "पिळू नकोस, दाब. उन्हात नको, सावलीत घाल. भिंतीवर नको, दोरीवर घाल." मधूनच कोरड्या टॉवेलावर थेंब टाकून बघायचा. गुरुवारी दुपारी एका टॉवेलावर पडलेला थेंब जागच्या जागी नाहीसा झाला. सून ओरडलीच, "प्यायला! आई, प्यायला!" चोवीस निळ्या टॉवेलांतले एकोणीस वाचले. पाच काही केल्या सुधारले नाहीत, ते मावशीने काळ्यांत टाकले.

शनिवारी मावशी रोजच्या आधी केंद्रावर पोचली. गाडी यायच्या आत तिला एक काम उरकायचं होतं. टिपून झाल्यावर बोलली असती तर ते जिंकलेल्या माणसाचं बोलणं झालं असतं.

मालक आणि फेसबाबा दोघंही पंपाजवळ उभे होते.

"खोट टॉवेलांत होती," ती म्हणाली. "धुताना चूक झाली घरी. आणि टॉवेल बिघडलाय हे न ओळखता मी दाबून घासलं, ती चूक माझी. साबण चांगला आहे."

मालकाने गुंडी चाळवली. फेसबाबाने दाढी पुसली. "आठवडाभर माझ्या साबणाचा उद्धार केलात, मावशी."

"केला. शब्द मागे घेते."

"शब्द मागे घेता येत नाहीत. चहा पाजता येतो."

"पाजते."

"दोन कप. आणि बिस्कीट."

"दोन कप," मावशी म्हणाली, "बिस्किटाचं बघू."

रंगाऱ्याने शुक्रवारीच रेघा काढल्या होत्या. फेसबाबाने गाडी धुतली, नेहमीपेक्षा जास्त जपून. मावशीने टॉवेल टपावर पसरला आणि थांबली. मग कोपरे धरून ओढला. मागे एकही थेंब नव्हता. एक फेरी, एकदाच. तिच्या हातांना दाबायची गरजच पडली नाही, आणि तेव्हा तिला कळलं की बळ कुठे गेलंच नव्हतं. ती दारांपर्यंत आली, टॉवेल उलटा केला, कोरड्या बाजूने पुढे गेली. रंगारी पॉलिशचं मशीन बंद करून बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी गाडी स्वतः उन्हात नेली. बॉनेटवर वाकल्या, डोळे बारीक केले, पेशंटच्या दाढेत बघावं तसं बघितलं. मालकही वाकला. उन्हाचा गोळा स्वच्छ होता, भोवती एक रेघ नाही.

"यांनी केलं?" बाईंनी विचारलं.

"यांनीच. मागच्या रेघाही यांनीच पाडल्या होत्या," मालक म्हणाला. "त्यांनी स्वतःच सांगितलं."

बाईंनी मावशीकडे जरा निरखून बघितलं. "पुढच्या शनिवारी येते," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली लावली.

गाडी गेल्यावर मालक म्हणाला, "मशीन येणारच आहे, मावशी. आता ते परत होत नाही. पण आरशाच्या खाचा आणि कुलपाची भोकं तेवढी त्याने सुकवू. गाडीच्या अंगाला हात तुम्हीच लावायचा. फक्त दर शनिवारी एक टॉवेल मला थेंब टाकून दाखवायचा."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मावशी फणकारली असती. मान तिची ताठ झालीही. मग म्हणाली, "दाखवीन. तुम्हीही शिका जरा."

घरी आली तेव्हा सून दारातच उभी होती.

"टिकलं का काम?"

"टिकलं."

सूनबाईने सुस्कारा सोडला आणि लगबगीने चहा आणून दिला. मावशीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला, जरा विचार केला.

"एक सांगू?"

"सांगा की."

"तुझा चहा फार गोड असतो गं. पहिल्या दिवसापासून."

सून आधी बघतच राहिली. मग तोंडावर पदर दाबून इतकी हसली की आतून मुलगा बाहेर आला.

"आठ महिने!" ती म्हणाली. "आठ महिने पीत होता तुम्ही? आणा इकडे तो कप."