बाईंचे गीत आणि तोडून आणलेला बांबू

दवाखान्याच्या परिचारिका रतनबाईंना यंदा साठ वर्षे पूर्ण झाली, असे ख्रिस्ती मंडळीचे पाळक सांगतात. बाईंना विचाराल तर म्हणतील, आधी त्या तापाच्या रोग्याकडे बघा. त्यांच्या हाताखाली काम केलेल्याने गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहावेत असा सर्वांचा आग्रह पडला, म्हणून दवाखान्याचा हा कंपाउंडर लेखणी धरतो आहे.

त्यांना मी प्रथम पाहिले ते खांडबाऱ्याच्या दवाखान्यात. मी हिवतापाने कुडकुडत कोयनेल घ्यायला गेलो होतो. चुलीवर कात्र्या-चिमटे उकळत होते आणि बाई त्यापुढे उभ्या राहून मेंढपाळ प्रभूचे जुने गीत म्हणत होत्या. इथे माणसे मरताहेत आणि हिला गाणी सुचताहेत, म्हणून मी मनात जळफळलो. मागाहून कळले, दवाखान्यात घड्याळच नव्हते. गीत पुरे होईस्तोवर हत्यारे उकळायची, असा बाईंचा नियम. मध्येच कोणी हाक मारली आणि कडवे तुटले, की पुन्हा पहिल्यापासून. आवाज काही गोड नाही. गौरवग्रंथात असे लिहू नये म्हणतात. पण मी लिहिणार, कारण त्याच भसाड्या आवाजावर माझे घर उभे आहे.

झाले असे की माझी बायको सोमी पहिलटकरीण. वेणा लागून दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. गावच्या सुईणीने हात टेकले, तेव्हा मी गाडी जुंपून बाईंना आमच्या डोंगरातल्या गावी आणले. आमचे घर नुकतेच ख्रिस्ती झालेले. बाईंनी आत जाऊन दार लोटून घेतले आणि थोड्या वेळाने आतून तेच गीत सुरू झाले.

आता आमच्या गावाने ते गीत आजवर एकदाच ऐकले होते, माझ्या वडिलांना माती देताना. अंगणातल्या बायकांनी एकदम गळा काढला. चुलतभाऊ कोयता घेऊन उठला आणि तिरडीसाठी बांबू तोडायला गेलासुद्धा! मी ओट्याखाली बसलो तो बसलोच. माझी आई मात्र दारावर धावली. सोमी जिवंत आहे असे बाईंनी आतून सांगितले, तरी आई हटेना. बाजारात बोलतात त्या अहिराणीत ती म्हणाली, "बाई, हाई मरननं गानं बंद करा."

बाईंनी वाद घातला नाही. गीत थांबले.

आतले मला मागाहून कळले. बाईंनी सोमीला शिकवून ठेवले होते, कडव्याला श्वास घ्यायचा आणि ध्रुवपद आले की जोर लावायचा. गीत तुटले तशी सोमीची लय तुटली. तिचे कण्हणे बारीक होत गेले. मग आमच्या बोलीत तिचा आवाज आला, "गीत कुठं गेलं? मी आता कशाला धरू?"

दार उघडले. बाई घामाने निथळत होत्या. आईकडे बघून त्यांनी शांतपणे सांगितले, "मावशी, तुम्हनी सून जित्ती शे. तिले जित्ती ठेवानी व्हई ते आत या, नि मन्हासंगे म्हना."

आई आत गेली. तिला फक्त ध्रुवपद तेवढे ठाऊक, तेही नवऱ्याच्या मातीच्या वेळचे. कडवे बाई म्हणत आणि ध्रुवपदाला आईचा रडवेला आवाज वर चढे. बाहेरच्या बायका गप्प झाल्या. असे किती वेळ चालले कोण जाणे. चुलतभाऊ खांद्यावर बांबू घेऊन अंगणात शिरला आणि आतून पोर रडले. मुलगी होती. त्याच बांबूला आम्ही तिची झोळी बांधली.

पुढे बाईंनीच मला औषधांची मापे शिकवून कामाला लावले. शिव्याही पुष्कळ दिल्या. आता दवाखान्यात भिंतीवर घड्याळ आले आहे, पण बाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. पटकीच्या साथीत माझे हात थरथरू लागले, तेव्हा बाटल्या भरताना मीसुद्धा तेच गीत पुटपुटत होतो आणि हातांचा कंप थांबला.

बाई, देवबाप आपल्याला उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय देवो; डोंगर चढायचे अजून बाकी आहेत. आपल्यासाठी मातीच्या वेळी ते गीत म्हणायची आम्हाला मुळीच घाई नाही. एवढे मात्र ऐका. आजही आमच्या गावात कुणाच्या लोटलेल्या दाराआडून आपला भसाडा आवाज येतो. कोयता घेऊन कोणी उठत नाही. बायका पाणी तापवायला धावतात.